समान दामाचं नाटक

'समान काम, समान दाम' हे पथनाट्य घेऊन गावोगाव फिरलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच आमच्या जीपमध्ये येऊन बसतात. मैत्रिणी ऐकून हसतात. मला मात्र सांगतानाही संताप येतो!

रेणापूरला प्रयोगानंतर सरपंचांनी जोरदार भाषण ठोकलं. "बाईला गड्याएवढीच मजुरी मिळाली पाहिजे!" टाळ्या! मग मंडपवाल्याला पैसे दिले, साउंडवाल्याला दिले. सकाळपासून सगळ्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बायका तशाच उभ्या. मी विचारलं, तर म्हणाले, "त्यांना कशाला? त्या घरच्याच हायत की!"

जळकोटला एक शेतकरी उठला. "ताई, गडी ओझं उचलतो, म्हणून त्याला मजुरी लई."

मागून एक म्हातारी कडाडली, "हाव, उचलतो! आन् उचलून कुनाच्या डोक्यावर देतो, ते बी सांग की!"

लातूरला माझी मैत्रीण एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. शेजारच्या वर्गात सर तेच शिकवतात आणि पगार जास्त घेतात. तिनं वाढ मागितली, तर मालक गोड हसले. "मॅडम, तुमचे मिस्टर कमावतात की!"

"सरांच्या मिसेसपण बँकेत आहेत."

"तो त्यांचा घरगुती प्रश्न झाला ना!"

मी असते तर डस्टरच फेकून मारलं असतं.

नांदेडला महिला दिनाच्या स्टेजवर सगळे पाहुणे पुरुष. म्हटलं, "एखादी बाई बसवा की वर." संयोजक म्हणाले, "हाय की! सत्काराचं ताट धरून उभी हाय."

आणि मुरुड. आमच्या नाटकात शेतमालकाचं काम करणारा दिलीप ऐनवेळी आलाच नाही. मग मजूर बाईचं काम करणाऱ्या कमलनंच फेटा बांधला, मिशी चिकटवली आणि दोन्ही कामं एकटीनं रंगवली. समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

प्रयोग संपल्यावर आमचे प्रयोग ठरवणाऱ्या सरांनी पाकिटं वाटली. कमलनं तिथंच उघडून पाहिलं.

"सर, दिलीपला ह्याच्याहून जास्त देता. आज त्याचं काम बी मीच केलंय."

"अगं, तो गडी माणूस हाय. त्याच्यामागं संसार हाय."

कमल दोन लेकरं आणि सासू एकटीच्या जिवावर पोसते, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कमल मिशीसकट माघारी वळली. गर्दी अजून पांगली नव्हती. तिनं माइक उचलला.

"बायांनो, बसा खाली. नाटक संपलं न्हाई. सर, या इकडं, तुमचा प्रवेश राहिलाय!"