मावशीची पहिली सफर

तमाम बेव्हर्ली पार्कवासीयांना अत्यंत गांभीर्याने कळवतो, की नव्या वर्षात कयाक वल्हवायला शिकण्याचा संकल्प मी केला होता. पहिल्याच रविवारी उत्तनच्या किनाऱ्यावर एकट्यानेच दोघांची कयाक भाड्याने घेतली आणि जागच्या जागी गोल फिरलो. बांबूंवर बोंबील वाळत घालणारी एक मावशी कमरेवर हात ठेवून मनसोक्त हसत होती.

"मावशी, तुमचा संकल्प काय?"

"चाळीस वर्सं नवऱ्याच्या होडीची मासली निवडतेय. होडीत कदी बसले न्हाय. बाईला कोन नेतंय?"

मी दुसरं लाइफ जॅकेट पुढे केलं. तिने छातीवर क्रूस काढला, पदर खोचला आणि पुढे बसली. वल्हंही माझ्यापेक्षा सरळ मारलं. किनाऱ्यावर जाळं शिवणारा नवरा घाबरून हाका मारू लागला, तशी ती ओरडली, "अवो, आज भात तुमी टाका, मी दर्यान हाय!"