सर्वांत वाईट उत्तर आधी मागणाऱ्या मेश्राम मॅडम

मेश्राम मॅडमच्या प्रयोगशाळेत कुणीही शिरलं, की आधी त्याला एक आकडा सांगावा लागे. चहावाले काका असोत की सही मागायला आलेल्या कारकून बाई, आकडा वहीत जाई आणि आम्ही तो संगणकात घालून प्रोग्राम चालवत असू. आमच्या नागपूरच्या कॉलेजात या सवयीची भरपूर टिंगल व्हायची. ती माझ्यामुळे लागली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होतो. विषय डाळमिलचा गिअरबॉक्स: वजन कमीत कमी हवं, पण दाते मोडता कामा नयेत. रचना लाखो, त्यातली सर्वांत चांगली शोधायची. तापवलेलं लोखंड भट्टीतच सावकाश निवू दिलं, की त्यातला ताण निघून जातो. आमची रीत त्यावरूनच घेतलेली. संगणकाला सुरुवातीला भरकटू द्यायचं, वाईट उत्तरंही पत्करू द्यायची, मग हळूहळू लगाम आवळायचा. घाई केली, की तो बऱ्यापैकी उत्तरावर बसकण मारतो आणि उठत नाही. हे निवणं सुधारायचं, हाच माझा प्रबंध.

एक दिवस माझा गिअरबॉक्स आजवर छापून आलेल्या सगळ्यांपेक्षा हलका निघाला. मी संत्रा बर्फी घेऊन धावत गेलो. मॅडमनी बर्फी बाजूला ठेवून विचारलं, सुरुवातीचा आकडा कोणता? संगणक कुठून भटकायला लागणार, हे त्या आकड्यावर ठरतं. मी मुलीची जन्मतारीख सांगितली. ती लाभते म्हणून नेहमी तीच घालायचो.

"काहून गा, गिअरबॉक्स पोरीच्या नशिबावर चालते का?" मॅडम म्हणाल्या. "तीस लोकांले आकडे विचार. तिसाही वेळा चालव. अन् सगळ्यात वाईट उत्तर मले पहिले दाखव."

तिसांपैकी अकरा उत्तरं भिकार निघाली. प्रबंध द्यायला दोनच महिने उरले होते आणि मुदतवाढ मिळणार नव्हती. चांगली तेवढी छापू, असं मी विनवलं. वाईट उत्तरं मांडल्याशिवाय सही होणार नाही, एवढंच त्या शांतपणे म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः माझ्याशेजारी स्टुलावर येऊन बसल्या. एकेक फसलेलं उत्तर आम्ही ओळ न् ओळ वाचलं. जिथे उत्तरं भराभर बदलत होती, तिथेही माझा प्रोग्राम ठरल्या वेगानंच निवत पुढे पळत होता. आम्ही त्याला तिथे रेंगाळायला लावलं. अडकलाच, तर पुन्हा थोडं तापवलं. फसलेली अकराची दोन झाली. तेवढी दोन गाळावीत, असं मी पुन्हा सुचवून पाहिलं.

"राहू दे. फसलेलं लपवलं, त याच्यावर भरोसा कोण करन?"

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला: सर्वांत वाईट उत्तर कोणतं? मी तक्ता उघडून दोन्ही दाखवली आणि का फसली तेही सांगितलं. परीक्षक खूश झाले. ही मांडायला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडण्याआधी मॅडम मागून उठल्या.

"त्यानं स्वतःहूनच मांडली, सर."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव खोटं. त्यांच्यासमोर ते दुरुस्त करायचं धाडस मला झालं नाही, म्हणून आज इथे लिहितो: ती दोन्ही उत्तरं मेश्राम मॅडमनी माझ्याकडून मांडून घेतली. मी त्यांचा विद्यार्थी आहे.