नळाला फेस आला तेव्हा

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. चोऱ्या, मारामाऱ्या, दारूच्या धाडी, यांतलं काय कुठल्या ठाण्यावर घडलं हे विचारलं तर मलाच नीट सांगता यायचं नाही. पण नळाला फेस आला ती सकाळ मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि धानोऱ्याच्या बाजूला, जंगलाला टेकलेल्या एका गावी मी ठाणेदार म्हणून रुजू झालो होतो. मुलांच्या शाळेसाठी बायको माहेरी वर्ध्याला राहिली. संध्याकाळी खानावळीचा डबा उघडायचा आणि रेडिओची खरखर ऐकत जेवायचं, असा माझा संसार. ठाणेदाराला गावात सगळे नमस्कार करतात, पण त्याच्या ओट्यावर गप्पा मारायला कोणी येत नाही. मला त्याची सवय झाली होती, असं मी स्वतःला सांगत असे.

गावाला नळयोजना येऊन फार काळ झाला नव्हता. जंगलातल्या नदीत एक बारमाही डोह होता. त्याच्या काठाला विहीर बांधून तिथून पंपाने पाणी ओढायचं, गावातल्या उंच टाकीत चढवायचं, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची आणि नळाला सोडायचं, अशी साधी योजना. घरात पाणी आलं म्हणताच लोकांनी विहिरींकडे पाठ फिरवली. महिना-दोन महिन्यांत त्यांत केरकचरा टाकायलाही सुरुवात केली. माणसाला सोय मिळाली की तो मागचे दोर कापूनच मोकळा होतो.

भर उन्हाळ्यातली ती सकाळ. दाढीसाठी मी नळाखाली मग धरला, तर साबण लावायच्या आधीच पाण्यावर फेस. पाण्याला उग्र, खवट वास. मी ते ओतून दिलं. सगळ्यांनी काही ते ओतून दिलं नव्हतं. दुपारपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात उलट्या-जुलाबांच्या रोग्यांना निजायला जागा उरली नाही. एका म्हातारीची नाडी लागेना, म्हणून डॉक्टरांनी तिला जीपमध्ये घालून गडचिरोलीला पाठवलं. आम्ही नळ बंद करवले, टाकी रिकामी करायला लावली, दवंडी पिटवली. बायका हंडे घेऊन जुन्या विहिरींवर गेल्या आणि आत डोकावून तशाच परतल्या.

तेवढ्यात ठाण्यावर जमाव आला. पुढे गावचा पुढारी, नळयोजना आपणच आणली असं रोज सांगणारा. मागे चार जणांनी दंडाला धरून आणलेला पंपवाला. त्याचा सदरा फाटलेला आणि ओठ सुजलेला.

"यानं इख टाकलं पान्यात," पुढारी म्हणाला. "फिर्याद लिहा सायेब. काल माह्या पोरीचं लग्न झालं, अर्धे पाहुणे खाटेवर पडून आहेत."

"का टाकेल तो?"

"गावात खोली मागून राह्यला होता. आमी म्हटलं, पंपाजोळच राह्य. त्याचाच डूख धरला यानं."

पंपवाला माजरीकडचा. वडील कोळशाच्या खाणीत होते. बायको तापाने गेली, मूलबाळ नव्हतं. डोहाकाठच्या पंपघरात एकटा राहायचा. पाणी आलं नाही की गावाला त्याची आठवण व्हायची, तीही शिव्यांसकट. मी त्याला आत घेतलं, मुख्य म्हणजे जमावाच्या हातून सोडवायला. अंगझडतीत त्याच्याकडे बिडीचं बंडल, काडीपेटी आणि दोरीत ओवलेली एक किल्ली निघाली. ती पंपघराची, असं त्याने सांगितलं.

चौकशीची माझी पद्धत ओरडायची नव्हती. गुन्हेगार माणूस बहुधा जास्त बोलतो. त्याला पटवून द्यायचं असतं. हा मात्र भिंतीकडे पाहत बसला.

"पाण्यात काय टाकलं?"

"मी काई नाई टाकलो."

"मग कोणी टाकलं?"

तो सदऱ्याची फाटलेली बाही दुमडत बसला.

"अरे, ती म्हातारी दगावली तर खुनाचं कलम लागेल तुला. समजतं का?"

"समजते सायेब. लिहून टाका माह्या नावानं."

हे ऐकून माझे जमादार चपापले. ते ब्रह्मपुरीकडचे, वयाने मोठे, जंगलातल्या पोस्टांवर केस पिकलेले. बाहेर येऊन म्हणाले, "ठाणेदार सायेब, हा कोणाले तरी झाकून राह्यला."

मलाही तेच वाटत होतं. पण झाकायला जवळचं माणूस लागतं आणि याला तर जगात कोणी नव्हतं. पोलिसांना एक सवय असते. संशयिताचं कोणाशी वाकडं आहे, हे आम्ही आधी विचारतो. मीही संध्याकाळपर्यंत तेच विचारत फिरलो आणि हाती काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करून कोठडी मागून घेतली आणि दोन पंच घेऊन जमादारांसह पंपघरावर गेलो. दाराला कुलूप होतं. मी ती दोरीतली किल्ली लावली. लागेना. उलटी-सुलटी करून पाहिली. जमादारांनी कुलूप हातात घेतलं आणि उन्हात धरलं. कोरं करकरीत कुलूप, तेलाचा वास अजून जायचा होता. खाली झुडपात जुनं कुलूप सापडलं, कडी तोडलेलं. त्याला मात्र ती किल्ली गपकन बसली. म्हणजे पंपवाल्याने पंपघर बंद केलं होतं आणि दुसऱ्या कोणीतरी ते फोडून उघडलं होतं.

पंचांसमोर नवं कुलूप तोडून पंपघर आतून पाहिलं, मग आम्ही डोहावर उतरलो. काठाला मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पंपाच्या विहिरीच्या जाळीपाशी तर त्यांचा खच सडत होता, नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभं राहवेना. वाळूत काळपट भुगा पडला होता. जमादारांनी तो चिमटीत घेऊन हुंगला.

"मोहाची ढेप," ते म्हणाले. मोहाच्या बिया घाण्यात घालून तेल काढलं की जो चोथा उरतो तो. इकडे उन्हाळ्यात पाणी आटलं की अख्खा टोला, म्हणजे जंगलातली गोंडांची वस्ती, मिळून डोहात ढेप कालवतो. पाण्यावर फेस येतो, मासे गुंगून वर येतात आणि माणसं ते हातांनी वेचतात. पाणी वाहून स्वच्छ होईपर्यंत त्याला कोणी तोंड लावत नाही. आजोबा-पणजोबांपासूनची रीत.

थोडं वर दगडांच्या चुली होत्या, पळसाच्या पत्रावळी होत्या, माशांचे काटे होते. त्यांत एक जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ताटही होतं. पंपघरात त्याच्याच जोडीचं दुसरं आम्ही पाहिलं होतं. पत्रावळीवर जेवणाऱ्या माणसांच्या पंगतीत हा आपलं ताट घेऊन जाऊन बसला होता. कोणाशी भांडला हे विचारत मी गावभर हिंडलो होतो आणि तो जेवला कुठे हे कोणाला विचारलंच नव्हतं.

टोला नदीच्या वरच्या अंगाला होता. जीप लांब ठेवून आम्ही चालत गेलो, तरी आमच्या आधी बातमी पोचली होती. चुली जळत होत्या, भात शिजत होता आणि माणूस एकही नव्हतं. सगळे जंगलात पळाले होते. फक्त एक म्हातारा दारात बसून होता. पळायचं वय नव्हतं म्हणून बसला असेल, असं आधी वाटलं. पण तो आमचीच वाट पाहत होता.

जमादार त्याच्याशी आधी गोंडीत बोलले. मग तो माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "त्याले मारलं का?"

"गावकऱ्यांनी मारलं. माझ्याकडे सुखरूप आहे."

"आमी चोरून नाई टाकलो, सायेब. दरसाली टाकतो. मशीन आली म्हून त्याले इचारलो. तो म्हने, थांबा, मी मशीन बंद करतो. कुलूप लावतो. पानी साफ होऊन जाईल तवा चालू करीन. मंग टाकलो. तो पन आमच्यात जेवला. लेकरायले खेळवते तो. आमच्यातलाच हाये."

"मग हे त्याने सांगितलं का नाही?"

म्हाताऱ्याने माझ्या टोपीकडे पाहिलं. "तुमी इथी येऊ नये म्हून."

त्याने जबाबावर अंगठा दिला. मग शाईचं बोट धोतराला पुसलं.

पुढचं सोपं होतं. गावात नवं कुलूप विकणारं दुकान एकच. दुकानदाराने पुढाऱ्याच्या शेतावरची मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं नाव सांगितलं. मिस्त्री पहिल्या दटावणीतच बोलला. लग्नाच्या संध्याकाळी लग्नघरी पाणी संपलं, टाकी कोरडी, पंपवाला टोल्यावर गेलेला, जाग्यावर नाही. पुढाऱ्याने हुकूम सोडला, कुलूप फोड आणि पंप चालू कर. मिस्त्रीने डोहाकडे पाहिलंही नाही. फेस, ढेप आणि मेलेले मासे, सगळं ओढून त्याने गावाच्या टाकीत चढवलं.

मी पुढाऱ्याला ठाण्यात बोलावून दोन्ही कुलपं टेबलावर ठेवली. त्याने तोडलेली कडी बोटाने फिरवून पाहिली.

"पोरीचं लगन होतं सायेब," एवढंच म्हणाला.

"आणि तो पंपवाला? तो कोणाचाच नव्हता म्हणून त्याच्या अंगावर ढकललंत?"

पंपघर फोडल्याचा आणि निष्काळजीपणाने पाणी सोडल्याचा गुन्हा पुढाऱ्यावर आणि मिस्त्रीवर लागला. म्हातारी वाचली, हे आमचं नशीब. पंपवाला सुटला आणि कामावरही गेला. टोल्यावर मी खटला भरला नाही, पण वरून हुकूम आला आणि तो अमलात आणणं माझं काम होतं. डोहाभोवती काटेरी तार आली, मासेमारीला बंदी आली. गावाच्या पाण्यासाठी ते आवश्यक होतं. आजही मी तेच म्हणेन.

पावसाळा संपता संपता गस्तीवरून येताना मी पंपघरावर थांबलो. पंपवाल्याने बाज पुसून दिली. चुलीवर भाताचं मोठं पातेलं होतं, एका माणसाला दोन दिवस पुरेल एवढं.

"कोणी येणार आहे का?"

"नाई सायेब. आंधी लेकरं येत जात, म्हून जास्त रांधाची सवय लागली. आता काई येत नाई कोनी." तो चुलीतली लाकडं सारत बसला. "त्यायचा डोह गेला. आन तुमची जीप पायली ना त्यायनं. एकदा मी गेलतो टोल्यावर. म्हातारा बोलला चांगला. पन बायांनी लेकरं घरात ओढून घेतली."

मी टोपी काढून बाजेवर ठेवली.

"तुमी मले सोडवलं, तुमचे उपकार हाये. पन मी कोठडीत होतो ना सायेब, तवा मले वाटे, एक टोला आपला हाये."

नोकरीत मी अनेक गुन्हे उघडकीला आणले आणि त्यांचा अभिमानही आहे. निरपराध माणूस सोडवण्यासारखं समाधान पोलिसाला दुसरं नसतं, असं नव्या पोरांना मीच शिकवत आलो. पण या प्रकरणाने मला हेही शिकवलं की माणूस सुटतो म्हणजे त्याचं सगळं त्याला परत मिळतं असं नाही. मी जे खरं शोधून काढलं, ते त्याने जाणूनबुजून झाकलं होतं. त्याची किंमत मला कळायच्या आधी त्याला कळली होती.

त्या दिवशी त्याने न विचारताच दुसरं ताट मांडलं आणि मी जेवायला बसलो. पुढेही त्या रस्त्याने गेलो की त्याच्याकडे थांबत असे. एकदा वाढता वाढता त्याने विचारलं, "तुमची बदली कधी हाये सायेब?" माझा हुकूम आदल्याच दिवशी टपालाने आला होता. मी भात कालवत राहिलो आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही.