बोंबील कोणी भाजले

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच – ती आधी स्वतःलाच दोष देईल, कारण बोंबील तिनेच दिले होते. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

मी चिखल्याची. अंगणात दोरीवर मासळी वाळत असायची, असं आमचं घर. २०१४ साली तलासरीच्या पुढे, अच्छाडकडे जाताना हायवेलगत एक इंटरनॅशनल स्कूल निघालं. तिथे इंग्रजीसाठी मी अर्ज केला. शाळा एका धार्मिक ट्रस्टची. सकाळी आरती, एकादशीला सत्संग, शिक्षिकांना मॅडम नाही, दीदी म्हणायचं. मुलाखतीत माझ्या बी.एड.बद्दल फारसं कोणी विचारलं नाही. ट्रस्टीकाका हसून म्हणाले, "घरी खाणंपिणं कसं, बेन?" मी म्हटलं, शाकाहारी. एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण मी पुढे बोलले – कांदा-लसूणसुद्धा नाही.

जीभ अडखळली नाही. त्याचंच नंतर भय वाटायचं.

रंजना माझ्याच दिवशी मुलाखतीला आली होती. पूर्वेकडच्या डोंगरातल्या गावची, घरी भात-नागलीची शेती, नवरा सुरतेला कामाला, पदरात लहान मुलगी. गणित असं शिकवायची की मुलं मधल्या सुट्टीतही फळ्यापाशी घुटमळायची. तोच प्रश्न तिलाही विचारला होता. ती म्हणाली होती, घरी मासळी-मटण खातो, इथे राहीन तोवर खाणार नाही. हे तिनेच मला पुढे कधीतरी चहा पिताना सांगितलं, अगदी सहज. मी काय उत्तर दिलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही.

गणिताला दुसरं कोणी मिळेना म्हणून तिला घेतलं. पण ते वाक्य तिला चिकटून राहिलं. सत्संगात ती जरा मागे बसली तरी माना वळायच्या. माझ्याकडे कोणी बघायचं नाही. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची.

क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी-शेजारी. वरच्या मजल्यावर आमच्या दोनच खोल्या, आणि दोघींत एक स्वयंपाकघर. तिची माही आमच्याच शाळेत पहिलीत – शिक्षिकांच्या मुलांना फी नव्हती. एवढ्यासाठी तर रंजना सगळं सोसत होती.

त्या एकादशीला माहीला ताप होता, म्हणून रंजना खोलीतच थांबली. मी डोकं दुखतंय सांगून दुपारच्या सत्संगातून मधेच उठले. डोकं दुखत नव्हतं. बॅगेत आईने कागदात बांधून दिलेले सुके बोंबील होते, आणि मला – कसं सांगू – राहवेना. गॅसवर भाजले, उभ्यानेच खाल्ले. मग खिडकी उघडली, ओटा पुसला, लिंबाने हात धुतले. रंजनाच्या खोलीचं दार बंद होतं. मायलेकी झोपल्या असाव्यात.

पण तो वास खिडकी उघडून जातो का? सत्संग सुटला आणि खालच्या मजल्यांवरच्या बायका जिन्यातच थबकल्या. प्रिन्सिपल दीदींनी आधी मला बोलावलं.

"तुम्ही लवकर आला होतात. काय झालं ते सांगा."

मी म्हटलं, "मी आले तेव्हा वास येतच होता."

एवढंच. तिचं नाव मी घेतलं नाही – हे मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आले. नाव घ्यायची गरज तरी कुठे होती? वरच्या मजल्यावर दुसरं होतंच कोण?

रंजनाने परोपरीने सांगितलं की ती नव्हती. कोणी ऐकलं नाही. चारच दिवसांत तिला नोकरीवरून काढलं, खोली सोडायला लावली. टेम्पोत सामान चढवताना मी माहीला कडेवर घेऊन उभी होते. तिचा ताप उतरला होता. ती मला विचारत होती, उद्या शाळेत कोण नेणार? रंजनाने तिला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, "दीदी, तुम्ही एकट्याच खाली आलात." तिला कळलं होतं का? की ती खरंच आभार मानत होती? मला आजही ठरवता येत नाही.

पुढे मी कोऑर्डिनेटर झाले. मुलाखती घेणाऱ्यांत बसू लागले. आणि तो प्रश्न, खाणंपिणं कसं – तो आता मी विचारायची. समोरची बाई शाकाहारी म्हणाली की तिचा चेहरा निरखायची. माझ्यासारखी असेल का ही? सापडली असती तर मी काय केलं असतं, देव जाणे.

२०१९ला रंजना वाणगावच्या बाजारात भेटली. तिथल्याच एका क्लासमध्ये शिकवत होती. सरळ विचारलं तिने, "गणिताची जागा निघालीय म्हणे. अर्ज करू का, दीदी? एवढ्या वर्षांनी कोणाच्या लक्षात असेल?"

मी म्हटलं, "कर ना. मी आहे."

मनापासून म्हटलं होतं. त्या आठवड्यात मी हलकी होऊन फिरत होते. आतून गोष्ट दुरुस्त होईल, कोणाला काही कळणार नाही, असं वाटत होतं.

ती आली. इस्त्रीची साडी नेसून बाहेरच्या बाकावर बसली. आत प्रिन्सिपल दीदींनी अर्जावरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे वळल्या. "ही तीच का? एकादशीला मासळी भाजलेली?"

ट्रस्टीकाकाही बघत होते. काय लागलं असतं मला? एक वाक्य. फार तर नोकरी गेली असती – नवरा कमावता होता, मी उपाशी मेले नसते.

मी म्हटलं, "हो. तीच."

तिला आत बोलावलंच नाही. जागा भरली असं शिपायाकडून सांगितलं. मी बाहेर आले तेव्हा ती पर्स सावरत उभी होती. चेहऱ्यावर राग नव्हता.

"येते, दीदी," ती म्हणाली. "तुम्ही प्रयत्न केला असेलच."

मी म्हटलं, "हो. खूप केला."