नाळ परळीला, रक्त पुण्याला

समोरच्या प्रसूतिगृहात काय झालं हे मला विचारावं लागत नाही, माझ्या दुकानात कोण काय मागतंय त्यावरून कळतं. पेढे मागितले की मुलगा. जिलेबी मागितली की मुलगी. आणि नुसतंच उभं राहून "ताजं काय हाय?" म्हणाला की समजायचं, आत अजून कळा चालू आहेत. परळीत बाळंतपणाच्या दवाखान्यासमोर मिठाईचं दुकान टाकायची अक्कल माझ्या सासऱ्यांची. थर्मल वीजकेंद्राची राख उडते, काचेवर सारखं फडकं मारावं लागतं, हे खरं. पण लेकरं काय व्हायची थांबत नाहीत, त्यामुळं धंदा कधी बसला नाही.

पण सांगायचंय ते समोरच्या सिस्टरबद्दल. शिवकन्याबाई तिचं नाव. बाई अंगानं भरलेली आणि आवाज असा की आतल्या बाईला ती दम द्यायची आणि माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं. "ओरडू नगं, जोर लाव," असं दरडावणार, आणि लेकरू रडलं की स्वतःच पदर डोळ्याला लावणार. आयुष्यभर तेच काम केलं, तरी दर लेकराला रडणार म्हणजे रडणार. मग हात धुऊन माझ्याकडं येणार आणि उभ्या उभ्या एक पेढा खाणार. मुलगी झाली तरी पेढाच. मी जिलेबी पुढं केली की म्हणायची, "कावून? पोरगी काय वाकडी जन्मली का?"

तिचे मालक सुंदरराव थर्मलला होते. ते लवकर गेले. मागं एकच लेक, प्रणिता. लेक झाली तेव्हा शिवकन्यानं तिची नाळ-वार घराच्या दारातल्या बेलाच्या झाडाखाली स्वतःच्या हातानं पुरली. आमच्याकडं पक्कं मानतात, नाळ जिथं पुरली तिथं माणूस बांधला जातो. "जाईल कुठं? बेलानं धरून ठेवलीय," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. आणि पोरगी औरंगाबादेत एम.एस्सी. करून सरळ पुण्याला गेली एका प्रयोगशाळेत. बेल राहिला दारात आणि त्याच्याकडं बघत शिवकन्या.

नव्व्याण्णव सालच्या महालक्ष्म्यांना प्रणिता घरी आली ती तोंड पाडून. माझ्या दुकानात बसून तिनं आम्हा दोघींना सगळं सांगितलं. त्यांची पाच-सहा जणांची टीम होती, वर एक मॅडम. बाळ झालं, नाळ कापली, की वारेत थोडं रक्त उरतं. एरवी ते वारेबरोबर मातीत जातं. त्या रक्तात मूळ पेशी असतात, पुढं काय व्हायचं ते त्यांचं अजून ठरलेलं नसतं. ही मंडळी त्या पेशी बाटलीत वाढवत होती आणि त्यांच्यातून रोगाशी भांडणाऱ्या पेशी तयार करायला बघत होती. पुढं कधीतरी रक्ताच्या कॅन्सरच्या माणसाला त्या देता याव्यात म्हणून. पण पुण्यातल्या दवाखान्यांतून त्यांना रक्तच पुरेसं मिळत नव्हतं. उन्हाळ्यापर्यंत काम दिसलं नाही तर टीम मोडणार होती आणि प्रणिताला बोचकं बांधून परळीला यावं लागणार होतं.

आता खरं सांगते, मला वाटलं शिवकन्या मनातून खूश होईल. रोज संध्याकाळी ती एकटी भाकरी थापायची ते मी बघत होते. पण तिनं पेढा संपवला, हात झटकले आणि म्हणाली, रक्त मी देते पाठवून, हितं काय लेकरांचा दुष्काळ हाय का?

प्रणितानं पिशव्या आणून दिल्या, कसं काढायचं ते दाखवलं, बाईला समजावून तिची सही कशी घ्यायची तेही सांगितलं. थर्माकोलचा डबा पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं जायचा, आणि गाडी येईपर्यंत माझ्या फ्रीजमध्ये राहायचा, खव्याच्या शेजारी. आमच्या मालकांनी, म्हणजे गुरुपादांनी, पहिल्या दिवशी बराच कालवा केला. मी म्हटलं, खवा काय त्याच्याशी बोलतोय का? मग त्यांनीच खवा सरकवून जागा केली.

पण पहिल्याच घरानं नकार दिला. नांदूरघाटच्या रुक्मिणीबाई सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणाला आल्या होत्या. नाकात नथ, हातात काठी, आणि सगळ्या दवाखान्याला दरारा. रक्त पुण्याला जाणार म्हटल्यावर त्या दारातच बसल्या. नाळेतलं रक्त परगावी गेलं की लेकरू परगावी जातंय, आमाला आमचं लेकरू गावात पायजे, असं त्यांचं म्हणणं. शिवकन्या तशीच रात्रपाळी करून दमलेली होती. तिच्या तोंडून निघून गेलं:

"मंग जाऊ द्या की पुण्याला. कंप्युटर शिकंल, कंपनीत लागंल. हितं ठिवून राख झाडायला लावता का?"

बाळाचा बाप माझ्याच दुकानात पेढे बांधून घेत होता. त्यानं ते ऐकलं आणि पिशवी तशीच टाकून तिकडं पळाला. सिस्टर, घ्या रक्त, म्हणाला, हवं तेवढं घ्या. रुक्मिणीबाईंनी काठी आपटली आणि दारातून उठल्या.

झालं. दिवसच तसे होते. ज्याच्या त्याच्या तोंडी पुणं आणि कंप्युटर. परळीच्या शिवकन्या सिस्टरनं नाळेचं रक्त पुण्याला पाठवलं की पोरगं पुण्यात नोकरीला लागतं, ही बातमी अशी पसरली की विचारू नका. पार गेवराईकडच्या उमापूरहून एक कुटुंब जीप करून आलं, वाटेतलं बीड सोडून. एकानं तर मला विचारलं, अमेरिकेचा डबा वेगळा असतो का? मी म्हटलं, असतो, पण त्याला बर्फ लई लागतो. शिवकन्या या सगळ्याला ना हो म्हणायची ना नाही. नुसतं हसायची आणि डबे भरायची.

पौषात प्रणिताचा एसटीडीवर फोन आला. पोरगी आनंदानं नुसती किंचाळत होती. बाटलीत पेशी धरल्या होत्या, वाढत होत्या, मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला होता. आणि त्या खुशीत आईनं पुण्याच्या नोकरीचा किस्सा तिला हसत हसत सांगितला. तिकडनं पोरीनं फोनच ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पोरगी आईच्या दारात हजर.

माझ्यासमोरच बोलली ती. "आई, खोटं सांगून घेतलेलं रक्त आमाला वापरता येत न्हाई. एकेकीला खरं सांगून परत विचारावं लागंल. न्हाई म्हणली तर टाकून द्यावं लागंल."

शिवकन्या भडकली. मी काय चोरी केली का, कुणाचं काय गेलं, मातीत जाणारं रक्त होतं. मीही तिचीच बाजू घेतली, एवढं शिकून पोरगी बिघडली असंच मला वाटलं. मी विचारलं, आणि सगळ्याजणी नाही म्हणाल्या तर? प्रणिता म्हणाली, तर मावशी, मी येते परत घरी. दुसरं काय?

शिवकन्या दारातल्या बेलाकडं बघत राहिली. मला तिच्या पोटातलं सगळं दिसत होतं. तिला काही करावंच लागणार नव्हतं. नुसतं अडून बसायचं, कुणाला बोलवायचं नाही. लेक आपोआप घरी, संध्याकाळच्या भाकरीला. एवढं सोपं होतं ते.

सकाळी बघते तर बाई चपला घालून निघालेली, हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन. संक्रांत झालीच होती. ज्यांचं ज्यांचं रक्त गेलं त्या सगळ्या बाळांचं दवाखान्याच्या अंगणात एकत्र बोरन्हाण ठेवलंय, असं घरोघर आमंत्रण देत सुटली. गावाबाहेरच्यांना निरोप धाडले. मला हुकूम केला, हलव्याचे दागिने पाहिजेत, तेही फुकट. आठवडाभर आमच्या घरात तिळाशिवाय दुसरं काही नव्हतं.

त्या दिवशी अंगणात जिकडं तिकडं काळी झबली. एक लेकरू रडलं की सगळी रडायची, एखाद्याला शिंक आली की चार आज्या दृष्ट काढायच्या. उमापूरवाले परत जीप करून आले. रुक्मिणीबाई पुढच्या रांगेत, काठी मांडीवर.

आधी शिवकन्या उठली. म्हणाली, पुण्याचं मी सांगितलं ते खोटं होतं, माझ्या तोंडून गेलं आणि मी ते तसंच चालू दिलं. मग प्रणितानं सगळं साध्या भाषेत सांगितलं. तुमच्या लेकराला याचा काही फायदा नाही. नोकरी नाही, औषध नाही. कदाचित ही लेकरं मोठी होतील तेव्हा कुण्या आजाऱ्याच्या कामाला येईल, कदाचित येणारही नाही. ज्यांना नको असेल त्यांनी नको म्हणा.

सगळ्यांत आधी मोंढ्यातल्या भुसार दुकानवाल्यांची सून नीलम्मा उठली. विशीतली पोर, नवसाचं लेकरू कडेवर. लेकराला सावरत म्हणाली, मला खरंच वाटलं होतं हा पुण्याला जाईल. तसं नसलं तर माझ्या बाळाचं नको, काढून टाका.

प्रणिताचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाली, बरं, पुण्याला गेल्यावर पहिलं तेच करते. एका शब्दानं समजावलं नाही. शिवकन्याचे ओठ हलले, मला वाटलं आता ही दम देते. पण ती पुढं गेली, नीलम्माच्या कडेवरचं लेकरू घेतलं, पाटावर बसवलं, आणि पहिली बोरं त्याच्याच डोक्यावर ओतली. पहिला तिळगूळ नीलम्माच्या हातावर ठेवला.

रुक्मिणीबाई हे सगळं डोळे बारीक करून बघत होत्या.

"न्हाई म्हणलं तर खरंच सोडून देतेत व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग आमचं राहू द्या."

मग काठीनं शिवकन्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "आन तुझं ते पुणं आमाला काय खरं वाटलं व्हतं का गं? घरात म्हाताऱ्याला सांगाय काय तरी लागतंय."

अंगण असं हसलं की पाटावरचं लेकरू दचकून रडायला लागलं. मग एकेक बाई म्हणत गेली, आमचंही राहू द्या. दोघी-तिघींनी नको म्हटलं, त्यांनाही तिळगूळ मिळाला. प्रणितानं पेशींचा काढलेला फोटो आणला होता. काळ्यावर गोल गोल ठिपके, बाकी काही नाही. पण तो फोटो हातोहात फिरला आणि प्रत्येक आजीनं तो बाळाच्या तोंडाजवळ धरून कुणावर गेलंय ते ठरवलं. उमापूरच्या आजींना एका ठिपक्याचं नाक हुबेहूब त्यांच्या मालकांसारखं वाटलं.

संध्याकाळी प्रणिता माझ्या दुकानात येऊन बसली. सगळ्यांत झकास वाढलेली बाटली नीलम्माच्या बाळाची होती, असं तिनं सांगितलं. दोन महिन्यांची मेहनत मोरीत जाणार होती. मी चिडले. म्हटलं, अगं मग तिला सांगायचं नाही का?

"सांगितलं असतं तर तिला न्हाई म्हणता आलं असतं का, मावशी?"

मी तिच्या पुढ्यात पेढा ठेवला. तोही फुकट, आणि हे क्वचित होतं, गुरुपादांना विचारा.

टीम मोडली नाही. उन्हाळ्यात त्यांनी काम दाखवलं, ते पुढं चालू राहिलं, आणि डबेही जात राहिले. आता शिवकन्या दर बाईला खरं तेच सांगायची, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. लेक मात्र पुण्यातच राहिली. तिथंच लग्न झालं, टीममधल्याच मुलाशी.

दोन हजार दोनला प्रणिता परळीला आली, पहिल्या बाळंतपणाला. ते शिवकन्यानं स्वतः केलं. मी दाराशीच होते. मुलगी झाली, रडली, शिवकन्याही रडली. नाळ कापून झाली. हातात पिशवी तयार, आणि बाई थांबली. घामानं भिजलेल्या लेकीसमोर ताठ उभी राहिली आणि दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं:

"बाई, ह्याचा तुमच्या लेकराला काय फायदा न्हाई. पुढं कुणाला व्हईल का न्हाई ते पण सांगता येत न्हाई. न्हाई म्हणलात तरी आमचा राग न्हाई. घिऊ का?"

प्रणिताला हसू आवरेना आणि रडूही. कशीबशी म्हणाली, "घे, आई."

वार बेलाखालीच पुरली, प्रणिताच्या वारेशेजारी. डबा घेऊन शिवकन्या माझ्याकडं आली, फ्रीज उघडून नेहमीच्या जागी ठेवला. मी तिला डिवचलं. म्हटलं, एकीची वार बेलाखाली पुरली ती पुण्याला पळाली, आता हिचं तर रक्तच निघालं. ही तरी राहील का गं तुझ्याजवळ?

"जाऊ दे की," ती म्हणाली. "गेलेली बाळंतपणाला आली का न्हाई?"

मग डोळे पुसले आणि सगळ्या दवाखान्याला पुरतील एवढे पेढे बांधायला सांगितले. जिलेबीचं मी विचारलंच नाही.