विंगेत ऐकलेला होमरन

आजवर कुणाजवळ बोललो नाही, ते एकदाचं लिहून टाकतो. तो होमरन मी टीव्हीवर पाहिलेला नाही.

ऐंशीच्या दशकात जर्सी सिटीत राहणाऱ्या आणि नदीपलीकडच्या टीमवर जीव टाकणाऱ्या कुणालाही 'तो' म्हणजे कोणता, हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबरातला शनिवार, टळटळीत दुपार. बेसबॉलचा सीझन संपला की उरलेल्या मोजक्या टीम्सची जी झुंज लागते, त्यातली मॅच. शेवटचा डाव, आमची टीम एका रनने मागे. बॅटिंगला आला टीममधला सगळ्यात लहानखुरा गडी. त्याने धावतपळत एखादा बेस गाठला तरी पुष्कळ, अशीच सगळ्यांची समजूत. त्याने बॉल थेट भिंतीपलीकडे धाडला, म्हणजे होमरन; बेसवरचा गडी आणि तो स्वतः, असे दोन रन आणि आम्ही जिंकलो. मॅच खल्लास.

आमच्या ऑफिसात ऑक्टोबर उजाडला की कॉफी मशीनपाशी अजून तो विषय निघतो. त्या वेळी कोण कुठे होतं? एक जण हनिमूनला गेला होता. बायकोला वाळूत बसवून टीव्ही असलेला बार शोधत फिरला. बायको अजून बोलून दाखवते म्हणतो. एकीला कळा येत होत्या आणि डॉक्टर तिचं सोडून नर्सला स्कोअर विचारत होता. एकाच्या वडिलांनी उभ्या जन्मात त्याला जवळ घेतलं नव्हतं, त्या क्षणी घेतलं. हे सांगताना तो दर वर्षी कपात बघतो, आम्हीही आपापल्या कपात बघतो.

मग माझी पाळी. मी सांगतो, घरमालकीण बाईंच्या सोफ्यावर होतो, मांडीवर पॉपकॉर्नचं भांडं होतं, बॉल उडाला तसे पॉपकॉर्नही उडाले आणि म्हातारी थँक्सगिव्हिंगपर्यंत ते सोफ्यातून वेचत होती. लोक हसतात. गोष्ट झकास आहे, फक्त घडलेली नाही.

मराठी मंडळींत ही गोष्ट चालत नाही, कारण त्या दुपारी मी कुठे होतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांच्यासाठी वेगळी ठेवली आहे: "छे हो, मी नाटकात अडकलेलो, स्कोअर संध्याकाळी कळला." म्हणजे अमेरिकनांना एक खोटं आणि आपल्यांना दुसरं.

घरमालकीण बाई मात्र खऱ्या. मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. बाई एकट्याच. उन्हाळ्यात दारापुढच्या पायऱ्यांवर बसून, छोटा ट्रान्झिस्टर मांडीवर ठेवून, त्यातल्या माणसाशी भांडायच्या. मी कामावरून आलो की सरकून जागा करून द्यायच्या. क्रिकेटमध्ये मुरलेल्या माणसाला बेसबॉल आधी विटीदांडूचा श्रीमंत भाऊ वाटतो. मलाही वाटला. पण एका उन्हाळ्यात त्यांनी मला पुरता बाटवला. पिचर का थुंकतो इथपासून अंपायरच्या आईपर्यंत सगळं मी त्या पायऱ्यांवर शिकलो.

दुसरीकडे आमचं मराठी मंडळ होतं. दसरा आणि दिवाळी मिळून एक कार्यक्रम, एका हायस्कूलचं ऑडिटोरियम भाड्याने घेऊन. त्या वर्षी तीन अंकी नाटक बसवलं होतं. तालमी शनिवार-रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या घरघरीत. सगळे नोकरदार, पाठांतराला वेळ कुणाला? त्यामुळे हौशी नाटकाचा सगळा डोलारा प्रॉम्प्टरवर. मला अभिनय येत नव्हता आणि आवाज कुजबुजायच्याच लायकीचा होता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

नायिकेचं काम करणाऱ्या काकू नागपूरच्या. वयाने माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, पण आम्हा बॅचलरांना घरी जेवायला बोलावणारी प्रत्येक बाई काकूच. लग्नाआधी त्या तिकडे हौशी रंगभूमीवर चांगल्या गाजलेल्या. मग डॉक्टर नवरा, अमेरिका, दोन मुली, आणि मधली कितीतरी वर्षं नाटकाशिवाय. काका विरोध करत नसत. ते फक्त नाटकाला 'तुझं ते प्रकरण' म्हणत.

काकूंना मात्र ते प्रकरण नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मराठी मंडळांचं मोठं अधिवेशन होतं. त्यासाठी गावोगावच्या मंडळांतून एकच नाटक निवडलं जाणार होतं आणि निवडणारे दोघे जण त्या शनिवारी पहिल्या रांगेत बसणार होते. एकदा तालमीनंतर मला घरी सोडताना सिग्नलला गाडी थांबवून काकू म्हणाल्या, "हे जमलं ना, तर मी ह्यांना सांगणार आहे, आता मी नाटक सोडणार नाही. नाही जमलं तर मग गप्प बसेन. पुन्हा नाव काढणार नाही."

मी म्हटलं, तुमचं तर सगळं पाठ आहे.

"सगळं आहे रे. एक जागा सोडून."

ती जागा तिसऱ्या अंकात होती. नाटकातला नवरा दुसऱ्या अंकाअखेर मरतो आणि तिसऱ्यात ती त्याच्या रिकाम्या खुर्चीशी बोलते. बोलणं सुरू होतं "त्या दिवशी तुम्ही" असं. दुर्दैवाने दुसऱ्या अंकात, तो जिवंत असताना, ती आतल्या खोलीतल्या नवऱ्याशी भांडायला लागते तेही "त्या दिवशी तुम्ही" असंच सुरू होतं. तालमीत काकूंची गाडी हमखास तिथे रूळ बदलायची.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "बाकी नाटकभर झोप काढलीस तरी चालेल मला. पण तिथे नुसतं 'अंगणात' म्हण. एवढा एक शब्द दे. पुढची गाडी मी नेते शेवटापर्यंत."

दिला, म्हटलं.

आता मॅच नेमकी त्याच दुपारी. मी काही एवढा निर्लज्ज नव्हतो. मी हिशेब केला होता, आणि तो हिशेब फक्त मराठी मंडळाचा सभासदच करू शकतो. पत्रिकेत नाटक एक वाजता होतं. आधी जेवण, म्हणजे मसालेभाताची रांग, मग जिलबी संपल्याची बोंब, मग अध्यक्षांचे दोन शब्द, ते दोनशे होणार. पडदा अडीचच्या आत वर जाणं शक्य नव्हतं. तिसऱ्या अंकापर्यंत मॅच संपून हायवेवर ट्रॅफिक लागलेलं असणार. पहिले दोन अंक एका कानाने ऐकायचे, तिसऱ्याला दोन्ही कान काकूंना. बाईंकडून ट्रान्झिस्टर मागून आणला, इअरफोनची वायर शर्टाच्या आतून कॉलरमधून वर काढली आणि मफलर गुंडाळला. विंगेत थंडी असते, असं कुणी विचारलं नसतानाही दोघातिघांना सांगितलं.

नव्या अध्यक्षांनी काय केलं होतं, ते हॉलवर पोचल्यावर कळलं. संध्याकाळी तिथे शाळेच्या मुलांचा डान्स होता, हॉल वेळेवर रिकामा करायचा होता. अध्यक्षांनी जेवण नाटकानंतर ठेवलं. आणि नाटकाला जो उशिरा येईल त्याला जिलबी मिळेलच असं नाही, हे फोन करकरून कळवलं. मंडळाच्या इतिहासात प्रथमच एकच्या ठोक्याला हॉल भरलेला होता. एकच्या ठोक्याला पडदा वर गेला.

मी तेव्हाच रेडिओ बंद करायला हवा होता. पण मॅचही रंगात आली होती आणि दुसरा अंक सुंदर चालला होता. नवरा झकास मेला. टाळ्या पडल्या. काकू तर अशा काम करत होत्या की पहिल्या रांगेतल्या त्या दोघांपैकी एकाने चष्मा काढून डोळे पुसले, हे मी विंगेतून पाहिलं.

तिसरा अंक सुरू झाला तेव्हा शेवटचा डाव सुरू झाला होता. मी स्वतःला सांगितलं, हा एक बॅटर, मग काढतो इअरफोन. मग, बरं, हा एक. पहिला गडी बेसवर पोचला. तो लहानखुरा बॅटिंगला आला आणि रेडिओतल्या माणसाचा आवाज खाली उतरला, तसा तो काहीतरी घडणार असलं की उतरायचा. मी डोळे मिटले.

स्टेजवर काकू म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही..."

हे मला नंतर जोडून जोडून कळलं आहे. मग त्या थांबल्या. लोकांना तो अभिनय वाटला. हातातल्या चादरीची घडी घालत त्या सहज माझ्या विंगेकडे आल्या, इतक्या जवळ की हात लांब केला असता तर चादर हाताला लागली असती. विंगेत अंधार, माझा चेहरा त्यांना दिसला नसणार. "त्या दिवशी तुम्ही..." त्या पुन्हा म्हणाल्या. हे दुसऱ्यांदाचं मात्र मी ऐकलं. खरं सांगतो, ऐकलं. शब्द माझ्या जिभेवर आला होता. त्याच क्षणी कानात बॅटचा आवाज झाला आणि तो माणूस ओरडायला लागला. मी तोंड उघडलं नाही. बॉल कुठे पडतो ते ऐकलं.

पडला भिंतीपलीकडे.

काकू म्हणाल्या, "...दारात उभे होतात." दुसरा अंक.

पुढचं इतकं झरझर झालं की कुणाला अडवता आलं नाही. काकूंनी दुसऱ्या अंकातलं भांडण सुरू केलं. मेलेला नवरा ग्रीनरूममध्ये चहा पीत बसला होता. त्याच्या कानावर त्याची एंट्रीची ओळ पडली. तो हौशी असला तरी इमानदार नट. कप ठेवला, कोट चढवला आणि बिनचूक आत शिरला. स्वतःचा हार घातलेला फोटो भिंतीवर बघून मग त्याचं पाऊल अडखळलं.

मग तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एका पोरीचा खणखणीत आवाज आला, "मॉम, आय थॉट ही डाइड!"

सगळं ऑडिटोरियम फुटलं. चष्मा काढलेला गृहस्थसुद्धा हसला. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. कुणीतरी पडदा ओढला.

ग्रीनरूममध्ये दिग्दर्शकाने मला कोपऱ्यात घेतलं आणि शब्द दिला होतास की नाही, एवढंच विचारलं. रेडिओ खिशात होता. अजून चालू होता, मफलरच्या आत बारीक गलका ऐकू येत होता. काकू आरशासमोर कोल्ड क्रीमने रंग पुसत होत्या.

मी म्हटलं, "दिला होता. दोनदा दिला."

काकूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "दिला असेल रे त्याने," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या, "त्याला नका बोलू. मलाच ऐकू आलं नाही."

बाहेर जिलबी सगळ्यांना पुरली. मी दोन वेळा घेतली, कारण न घेणं विचित्र दिसलं असतं.

मला वाटलं, झालं, विसरतील. पण काका डॉक्टर. बायकोला हाताच्या अंतरावरून दोनदा दिलेला शब्द ऐकू येत नाही म्हणजे काय? त्यांनी तिला आपल्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून तपासणी झाली. कान ठणठणीत. काका पार्टीत सांगत, "कान उत्तम आहेत हिचे, म्हणजे बिघाड वरच्या मजल्यावर." लोक हसायचे, काकूही हसायच्या. मी पण हसलो आहे.

अधिवेशनाला दुसऱ्या गावचं नाटक गेलं. काकू बोलल्याप्रमाणे गप्प बसल्या. पुढे कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, साड्या मी नेसवून देते सगळ्यांना, मेकअप करते, पण स्टेजवर नको. मी मात्र बरीच वर्षं प्रॉम्प्टर राहिलो, आणि चांगला राहिलो. भरवशाचा माणूस, असं म्हणतात लोक.

कधी सांगावंसं वाटलं नाही का? वाटलं. पण पहिल्या आठवड्यात लाज वाटली, पहिल्या वर्षात उशीर झाला असं वाटलं, आणि मग तो होमरन दंतकथा झाला. लोक त्याच्याविषयी इतक्या प्रेमाने बोलायला लागले की माझ्या वाट्याचा होमरन मीही पॉपकॉर्नमध्ये गुंडाळून टाकला. त्यातली लबाडी अशी आहे की तो आनंद खरा होता. विंगेच्या अंधारात, एका बाईचं नाटक बुडत असताना, मला जो आनंद झाला तसा फार थोड्या वेळा झाला आहे. सांगता आलं नाही ते सगळ्यात जास्त हेच.

काका गेले. काकू आता डॅलसजवळ अर्विंगला मुलीकडे असतात. गेल्या वर्षी कामानिमित्त डॅलसला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे जेवायला होतो. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी त्यांनी हॉलमध्ये बसून मोजली. वरच्या खोलीत नात फोनवर हळू आवाजात कुणा मुलाशी बोलत होती, तेही त्यांना ऐकू गेलं. "ऐकतेय मी," असं त्यांनी खालूनच बजावलं. मुलगी म्हणाली, इथल्या मंडळातले लोक आईला सारखे बोलावतात, आजीचं काम आहे एक, छोटंसंच. तुम्ही तरी सांगा.

मी सांगितलं. काकूंनी माझ्या पानात भात वाढला आणि म्हणाल्या, "नाही रे. तिथे उभी राहिले ना, की शब्द माझ्यापर्यंत पोचत नाही. तू तर पाहिलं आहेस. तू दिला होतास ना तेव्हा?"

त्यांनी ते खरंच विचारलं होतं. त्या उत्तराची वाट बघत होत्या. मी म्हटलं, "भात पुरे, काकू."

नाटकाच्या तालमी येत्या महिन्यात सुरू होणार आहेत, असं मुलीने कळवलं आहे. आजीच्या कामाला अजून कुणी मिळालेलं नाही. इथे लिहून झालं म्हणजे सांगून झालं, असं मी धरत नाही. काकूंना समोर बसून एवढं सांगण्याचं देणं मी लागतो: तुमचे कान ठीक होते आणि डोकंही. मी शब्द दिलाच नव्हता. मी मॅच ऐकत होतो.