थानासिसच्या एन्ट्रीची टाळी

थानासिस आमच्या ऑकलंडमधल्या टाकानिनीच्या फार्मसीची औषधं घरोघर पोचवतो. मी तिथली फार्मसिस्ट, म्हणजे नावापुरती त्याची साहेब. ऐकतोय कोण! एखाद्या आजींना गोळ्या द्यायला गेला की तासभर नकला करून हसवणार, त्यांच्याकडून मोडकंतोडकं मराठी शिकणार, आणि इकडे माझा फोन खणखणत राहणार.

नट आहे हो तो! ग्रीसमधल्या पात्रासचा. शाळा सोडून अथेन्सला पळाला आणि चाळीस वर्षं रंगभूमीवर भालदार, द्वारपाल आणि प्रेतं झाला. सिनेमात वेटर, टीव्हीवर पोस्टमन. मग मंदीत नाटक कंपनी बंद पडली, तेव्हा मुलीकडे इथे आला. हे कळल्यावर मी सोडते की काय? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात गोऱ्या डॉक्टरची भूमिका होती, ती त्याच्या गळ्यात मारली. वाक्यं चारच, पण पठ्ठ्याने ग्रीक अक्षरांत लिहून व्हॅनमध्ये घोकली.

प्रयोगाआधी मी माइकवरून प्रेक्षकांना दम भरला. "आजीच्या मरणाचा प्रसंग आहे. मध्ये एकही टाळी नकोय. गेल्या वर्षी तुम्ही रडायच्या जागी शिट्ट्या मारल्यात!"

विंगेत आले तर थानासिस पडद्याच्या फटीतून प्रेक्षक मोजत होता.

"आमच्याकडे लाडका नट स्टेजवर आला की लोक आधी टाळ्या वाजवतात," तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. "मला कधीच नाही मिळाली ती टाळी. तिथे मला ओळखत कोण होतं? इथे मात्र ढिगाने लोक ओळखतात. आज मिळेल ना, कल्याणी?"

मीच तर सगळ्यांना गप्प करून आले होते! माइककडे धावणार, तोवर तिसरी घंटा झाली आणि पडदा उघडला.

त्याची एन्ट्री आली. हॉल चिडीचूप. आमची माणसं इतकी शहाण्यासारखी वागलेली मी आजवर पाहिली नव्हती, आणि मला एकेकाचा गळा धरावासा वाटत होता. थानासिस दोन पावलं चालला. त्याचे खांदे उतरले.

इतक्यात पहिल्या रांगेतल्या आशालताआजी उठल्या. त्यांच्या बीपीच्या गोळ्या तोच आणतो.

"अगं बाई, आपला थानासिस!"

माझा हुकूम धाब्यावर बसवून त्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि ज्यांच्या ज्यांच्या दारात तो जातो, ते सगळे उठले. शिट्ट्यासुद्धा! खाटेवरची मरणारी आजी, म्हणजे आमची दीप्ती, उठून बसली आणि टाळ्या पिटू लागली. मीही विंगेत वेड्यासारखी वाजवत होते. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कौतुकाचाही कधी झाला नव्हता.

शेवटी नाटकाची आठवण झाली. मी त्याचं पहिलं वाक्य पुटपुटले, मग मोठ्याने म्हणाले, "पेशंट कुठे आहे? अरे, पेशंट कुठे आहे?"

तो जागचा हलला नाही. प्रेक्षकांकडे बघतच मला मराठीत म्हणाला, "थांब गं जरा."